बाजरीतले तांदूळ

आत्या,

तुझ्या तेराव्याला रामसेवक भैया आले होते. मुरारच्या पलीकडच्या त्यांच्या गावाहून आधी टेम्पो, मग बाड्याच्या चौकापासून खासगी बाजारातल्या आपल्या घरापर्यंत पायी. तू असतीस तर आधी त्यांना रागावली असतीस, "अरे, इतनी धूप में काहे को आए?" आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली असतीस, "सई, पाणी." मी पाणी दिलं. ते आत येऊन बसले नाहीत. दाराजवळच्या खुर्चीवर टेकले, तुझ्या फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि बाबांना म्हणाले, "बहनजी ने हमारा बाजरा फेल कर दिया था, साहब. पूरे गाँव का. फिर भी हमने कही, जाएँगे. बुरी नहीं थीं."

बाबांना काही कळलं नाही. ते इंदूरला असतात, तुझ्या नोकरीतलं त्यांना एवढंच माहीत की बहीण सरकारी गोदामात धान्य तपासते. त्यांनी हात जोडले. मी रिकामा पेला घेऊन उभी होते. त्या खोलीत खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. मी आत गेले आणि तो पेला विसळत राहिले. बाहेर येईपर्यंत भैया निघून गेले होते.

मी बोलत नाही, हे तू सगळ्यांना कौतुकानं सांगायचीस. "आमची सई बघते सगळं, बोलत काही नाही." कॉलेजसाठी मी तुझ्याकडे राहायला आले आणि मग इथेच राहून कॉम्प्युटरवर काम करायला लागले, तेव्हापासून घरात बोलायचं काम तुझ्याकडे आणि ऐकायचं माझ्याकडे. मला ते सोयीचं होतं. आज लिहिताना वाटतं, त्या सोयीची किंमत दुसऱ्या कुणीतरी दिली.

तुझा हात मला सारखा आठवतो. दाल बाजारातून आपण चालायला लागलो की दर दोन दुकानांमागे तो कुणाच्या तरी पोत्यात कोपरापर्यंत गेलेला असायचा. वर काढलास की मुठीत धान्य, त्यातला एक दाणा दाढेखाली. कट्ट असा आवाज आला तर सुका, नाही आला तर ओल आहे. दुकानदार तुला ओळखत होते. "बहनजी, ये सरकारी माल नहीं है, इसे तो बख़्श दो." तू म्हणायचीस, "सरकारी होता तो अब तक वापस भेज देती." सगळे हसायचे. मी चार पावलं लांब उभी राहायचे, कॉलेजातली एखादी मैत्रीण दिसली तर मी तुझ्याबरोबर नाही असं वाटावं म्हणून. तुला ते कळत होतं. एकदाच म्हणालीस, "लाजतेस काय गं, मी चोरी थोडीच करतेय?"

बाजरीचं तुझं वेड जुनं. तू तिला बाजराच म्हणायचीस. आपल्या भागातल्या कोरड्या रानात पाण्याशिवाय जे येतं ते हे, आणि रेशनमध्ये मिळतो गहू आणि कुठूनतरी लांबून गाडीनं आलेला तांदूळ. "इथलं इथे घ्या, इथेच वाटा. शेतकऱ्याला हमीभाव आणि गरिबाला पोटभर भाकरी, एकाच पोत्यात दोन्ही." हे तू वरच्या ऑफिसला किती वर्षं लिहीत होतीस ते मला माहीत नाही. मी आले तेव्हा तुझ्याकडे एक अख्खी फाईल होती. आणि मग खरोखरच हुकूम आला. आपल्या जिल्ह्यात बाजरीचं खरेदी केंद्र उघडणार, आणि ती बाजरी रेशनवर मिळणार. त्या संध्याकाळी तू तीळगुळाच्या गजकेचा पुडा घेऊन आलीस. तुला गोड वर्ज्य होतं. तू तीन तुकडे खाल्लेस आणि मला दम दिलास, "भाऊसाहेबांना सांगशील तर बघ." भाऊसाहेब म्हणजे बाबा.

त्या पहिल्या हिवाळ्यात मी एक दिवस तुझा डबा घेऊन केंद्रावर आले होते. पोत्यात खुपसायची ती पोकळ टोकदार नळी, परखी, तुझ्या हातात होती आणि ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. रामसेवक भैयांना मी तेव्हा प्रथम पाहिलं. तू त्यांचा नमुना चाळणीवर ओतलास, चाळलास आणि दोन खडे उचलून त्यांच्या नाकासमोर धरलेस.

"भैया, पत्थर भी सरकार को बेचोगे?"

"पत्थर तो बोनस में हैं, बहनजी."

"और ये मिट्टी?"

"हमारे गाँव की है. माथे से लगा लो."

तू इतकी हसलीस की चाळणी खाली ठेवावी लागली. मग त्यांच्याकडून सगळी पोती पुन्हा चाळून घेतलीस. ती दुपार त्यांची त्यातच गेली, पण बाजरी पास झाली. देशी वाण, हिरवट निळसर दाणा. बी पिढ्यान् पिढ्या घरचंच, असं तू मला अभिमानानं सांगितलंस, जणू तूच पेरलं होतंस.

पुढे काय झालं ते तू बोलून दाखवत नसायचीस. खरेदी झाली मार्गशीर्षात. वाटपाचा हुकूम फिरत फिरत आला वैशाखात. आपल्या गल्लीच्या टोकाला रेशनच्या दुकानासमोर बायका पिशव्या धरून उभ्या होत्या आणि एकमेकींना म्हणत होत्या, "जेठ लग रहा है और बाजरा बाँट रहे हैं. सरकार को गरमी नहीं लगती?" इथे उन्हाळ्यात बाजरी कुणी तोंडात घालत नाही, उष्ण पडते. हे लहान पोरालाही माहीत आहे, हुकूम काढणाऱ्याला माहीत नव्हतं. बायकांनी बाजरी घेतली आणि कोपऱ्यावरच्या वजनकाट्यावर विकून त्या पैशाचा गहू घेतला. कुणाला दोष देणार?

त्यावरून आपलं भांडण झालं होतं. मी सहसा वाद घालत नाही, पण तुझ्याशी घालायचे. मी म्हणाले, ज्याला जे खायचं ते त्याला घेऊ दे. धान्य कशाला वाटायचं, सरळ पैसे द्यावेत. तू म्हणालीस, "आणि बाजरा कोण घेईल मग? ज्यानं पेरला तो काय करेल?" मी म्हणाले, लोकांना नको असलेलं पेरायचंच कशाला? तू भाकरी थापता थापता थांबलीस. "नको असलेलं नाही गं. चुकीच्या महिन्यात आलेलं. पौषात वाटून बघा, मग सांगा." आणि मग, "तुमच्या शाळेत महिने शिकवत नव्हते का?" मी रागानं उठून गेले. हे भांडण संपलं नाही. मला अजूनही वाटतं की मी पूर्ण चूक नव्हते. आता ते वाटणं कुणापुढे मांडू?

दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तू कागदाची पुडी आणलीस आणि माझ्या की-बोर्डवर ठेवलीस. आत सात दाणे होते.

"काय आहे?" तू विचारलंस.

"तांदूळ."

"आता ओळख, कुठून आले असतील."

मला ओळखता आलं नाही. तू सांगितलंस. रामसेवक भैयांच्या गावच्या शेतकऱ्यांच्या नावांवर मोठा माल आला होता. रंग फिका, दाण्यावर चमक नाही. परखी घातलीस आणि बाजरीबरोबर हे तांदूळ बाहेर आले. साळ नव्हे, गिरणीतून पांढरे होऊन आलेले तांदूळ. "बाजऱ्याच्या रानात पॉलिशचा तांदूळ उगवत नाही, बेटा. हा रेशनच्या दुकानाच्या फरशीवर, तांदळाशेजारी पडून आलेला बाजरा आहे. गेल्या वर्षी मीच पास केलेला. लोकांनी विकला, कुणीतरी साठवला, आणि आता शेतकऱ्यांची नावं लावून तोच पुन्हा सरकारला विकतायत." खरे शेतकरी त्या ढिगाऱ्यामागे ट्रॉल्या लावून रांगेत उभे होते, थंडीत, ताडपत्रीखाली. त्यात भैयाही होते.

तू ठरवलंस, की वर लिहायचं. आणि इंग्रजीत लिहायचं, कारण तुझ्या म्हणण्याप्रमाणे हिंदी अर्ज ते फाईलला लावतात आणि इंग्रजी अर्ज वाचतात.

आता जे लिहिते ते तुला मी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू केंद्रावर गेल्यावर एक माणूस घरी आला होता. नीटनेटके कपडे, हातात मिठाईचा डबा. माझं नाव त्याला माहीत होतं. म्हणाला, "बहनजी के रिटायरमेंट में कितना टाइम बचा है, बेटा?" मी म्हणाले, माहीत नाही. तो म्हणाला, "इज़्ज़त से निकल जाए तो अच्छा है. अकेली औरत हैं. आप भी दिन भर अकेली रहती हो. समझा देना." डबा दाराशी ठेवून गेला. मी दोन्ही कड्या लावल्या, डबा उघडला नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. तू आलीस तेव्हा मी नेहमीसारखी बसले होते. तू विचारलंसही, "चेहरा का उतरलाय?" मी म्हणाले, डोकं दुखतंय.

आणि त्याच संध्याकाळी तू मला मजकूर सांगितलास. तू मराठीत सांगत होतीस, मी वहीत टिपून घेत होते. दोन परिच्छेद होते. पहिल्यात, तपासलेला माल जुना आहे, कमी दर्जाचा आहे, घेण्यालायक नाही. दुसऱ्यात बाकी सगळं. मग तू वरणाचा कुकर लावायला उठलीस आणि मी इंग्रजीत टाईप करायला बसले. पहिला परिच्छेद केला. दुसऱ्याशी आले आणि तो माणूस डोळ्यांपुढे आला. मी दुसरा परिच्छेद लिहिलाच नाही. मला वाटलं, माल तर परत जाईलच. कुणी आणला हे कुणाला कळायची काय गरज? तू सुखरूप राहशील. मी माझ्या मनाशी अगदी शांतपणे हे ठरवलं, दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात.

तू हात पुसत आलीस. "सगळं आलं ना?"

"हो."

पोत्यात हात घातल्याशिवाय कधी सही न केलेली तू, माझ्या कागदावर चष्मा न लावता सही केलीस.

दहा-बारा दिवसांत वरून उत्तर आलं. या भागातल्या बाजरीचा दर्जा योग्य नसल्याचा अहवाल स्थानिक तपासनीसांनी दिला असल्यानं खरेदी थांबवण्यात येत आहे. पुढच्या हंगामात केंद्र राहणार नाही. आणि सूचनाफलकावर त्या हुकुमाबरोबर तुझ्या अहवालाची प्रत लावली, तुझ्या सहीसकट. रांगेतल्या ट्रॉल्या भरलेल्या होत्या तशा परत गेल्या.

मला तुझा त्या दिवशीचा चेहरा नीट आठवत नाही, कारण मी बघितलंच नाही. आवाज आठवतो. "मी तर लिहिलं होतं, शेतकऱ्यांचा माल चांगला आहे. लिहिलं होतं ना, सई?"

"हो, आत्या."

"मग यांनी वाचला नाही का दुसरा परिच्छेद?"

दुसरा परिच्छेद नव्हताच. तू मला हे तीनदा विचारलंस, वेगवेगळ्या दिवशी, आणि तिन्ही वेळा मी हो म्हणाले. फलकावरचा कागद तू एकदा नीट वाचला असतास तर सगळं उघडं पडलं असतं. पण त्या फलकासमोर शेतकरी उभे असायचे आणि तू तिथून मान खाली घालून जायचीस. हेही मला नंतर कळलं.

त्यानंतर लोक तुला टाळायला लागले. बाड्यावर भेटले तर "राम राम बहनजी" म्हणणारे तोंड फिरवून जायचे. तू घरी येऊन सांगायचीस आणि वर त्यांचीच बाजू घ्यायचीस. "त्यांचं नुकसान झालंय, चिडणारच." मग तू स्वतःवर संशय घ्यायला लागलीस, आणि ते मी रोज बघितलं. डब्यात ठेवलेली त्यांची जुनी बाजरी काढून ताटात पसरायचीस, भिंगाखाली धरायचीस, दाणा चावून बघायचीस. "माझा हातच गेला असेल का गं? कदाचित मीच काहीतरी चुकीचं लिहून बसले." मी तुझ्यासमोर बसून चहा पीत होते. तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. मी तुला म्हणाले, "जाऊ दे ना, रिटायरमेंट आली आता." मला खरंच वाटत होतं की निवृत्त झालीस की सांगीन. तेव्हा कुणी काही करू शकणार नाही, तेव्हा आपण यावर हसू, असंही वाटत होतं. तू महिनाभर आधीच गेलीस, सकाळी दूध घेताना, दारात.

तेराव्यानंतर मी वही शोधली. दुसरा परिच्छेद त्यात होता, माझ्याच अक्षरात. तो घेऊन मी तुझ्या ऑफिसला गेले. आत जायला मला अर्धा तास लागला, हे तुला खोटं वाटणार नाही. आतले साहेब सभ्य होते, त्यांनी बसायला सांगितलं, सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मैडम, रिपोर्ट में संशोधन वही कर सकता है जिसके हस्ताक्षर हैं."

मी म्हणाले, "वो नहीं रहीं."

"वही तो," ते म्हणाले. तरी मी अर्ज दिला, पोचेचा शिक्का घेतला. तो फाईलला लागला असेल.

रविवारी मी भैयांच्या गावी गेले. तू कितीदा म्हणाली होतीस, चल एकदा, आणि मी कितीदा काम आहे म्हणाले होते. फाट्यापासून चालत गेले. दोन्ही बाजूंना या दिवसांत कणसं उभी असतात असं तू सांगायचीस. बाजरी कुठेच दिसली नाही; अर्धी रानं मोकळी होती, मोहरीसाठी नांगरून ठेवलेली. भैया ओट्यावर बसले होते, आणखी चौघं-पाचजण आणि त्यांची आई. मी उभ्यानंच सांगितलं. माझी हिंदी चांगली आहे, पण त्या दिवशी शब्द गोळा करावे लागत होते. सांगितलं की आत्यानं तुमचा माल नापास केला नव्हता, लिहिलं होतं की तो चांगला आहे, ते मी काढून टाकलं.

 मग भैया म्हणाले, "तब काहे नहीं बताई?"

"डर लगा था."

"किससे?"

मी त्या माणसाचं सांगितलं. मागे बसलेला एकजण म्हणाला, "उससे तो हम भी डरते हैं," आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

भैयांच्या आईनं विचारलं, "बहनजी को पतो हतो?"

"नहीं."

"हे राम," त्या म्हणाल्या. माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी.

तुझा परिच्छेद मी हिंदीत लिहून नेला होता. भैयांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बोट ठेवून, मोठ्यानं, सावकाश वाचला. "यह बाजरा किसानों का नहीं है. किसानों का बाजरा मैंने अपने हाथ से जाँचा है, वह अच्छा है और अभी बाहर लाइन में खड़ा है. पहले उसे लिया जाए. केंद्र बंद न किया जाए. बाजरा जाड़े में बाँटा जाए, तब लोग खाएँगे, बेचेंगे नहीं." वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी केली, ती पुन्हा उघडली आणि फक्त सही बघितली. सही माझी होती.

मग ते म्हणाले, "आषाढ़ में बहनजी का फ़ोन आया था. दो बार. हमने उठाया नहीं."

मला ती दुपार आठवली. तू खिडकीशी फोन घेऊन उभी होतीस आणि म्हणालीस, "उचलत नाही. पेरणीचे दिवस आहेत, रानात असेल."

"क्या कहना था उनको?" भैयांनी विचारलं.

ते मला माहीत होतं, तू मला सांगितलं होतंस. मी सांगितलं, की या वर्षी केंद्र नाही तरी थोडा तरी बाजरा पेरा, घरापुरता का होईना, नाहीतर बी जाईल. पुढेमागे खरेदी सुरू झाली तर पेरायला काय राहील?

भैया गोठ्याकडे बघत म्हणाले, "बीज तो भैंसों को डाल दिया, बिटिया. ग़ुस्से में. सबने डाल दिया."

ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. 

आत्या, तुला त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर तू मला मारलं असतंस बहुतेक. मग चष्मा लावला असतास, नवा कागद घेतला असतास आणि मला म्हणाली असतीस, लिही. तेवढा वेळ आपल्याकडे होता. पौष होता, माघ होता, आषाढापर्यंत सगळे महिने होते.